आखडलेली दोरी

दोरीची गोष्ट निघाली की धाकटी उठून स्वयंपाकघरात जायची. कधी चहाचं निमित्त, कधी गॅस बंद केलाय का ते बघायचं. बाहेर हशा पिकायचा, ओसरायचा, मग ती हात पुसत परत यायची. वयाची ऐंशी उलटली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरली बहीण जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मधला भाऊ, काडी, गेल्याच महिन्यात गेला होता. धाकटी म्हणायला तिच्याहून मोठं असं आता कुणी उरलं नव्हतं, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

काडीचंही तसंच. लहानपणी हातपाय काड्यांसारखे, म्हणून काडी. पुढे पोट सुटलं, टक्कल पडलं, नातवंडं झाली, तरी काडीच. दोरीची गोष्ट सांगावी ती त्यानेच. दोन्ही बायकांचे आवाज काढायचा, मध्येच थांबून पाणी प्यायचा आणि ऐकणाऱ्यांना ताटकळत ठेवायचा. आता रविवारी त्याच्या आठवणीसाठी सगळे जेवायला जमणार होते, आणि ती गोष्ट त्याची मुलगी सांगणार होती.

"बाबांच्या मागे ती बंद पडायला नको, आत्या," भाची फोनवर म्हणाली होती.

धाकटी "हो गं" म्हणाली आणि मनात म्हणाली, पडली तर बरं.

गोष्ट अशी. या तिघा भावंडांचे वडील पाद्री होते. समुद्रापलीकडच्या एका मुलुखात, जिथे राज्य आपल्या लोकांचं आणि माणसं दुसऱ्यांची, तिथे त्यांची नेमणूक झालेली. आई लग्न होऊन तिकडे गेली आणि पाद्रीणबाई झाली. तिन्ही मुलं तिकडेच जन्मली. त्या काळी पाद्र्यांच्या घरांतली रीत अशी, की मुलं जरा कळती झाली की शिकायला मायदेशी पाठवायची आणि आईने नवऱ्यापाशी राहायचं. पाद्र्याची बायको म्हणजे निम्मी पाद्रीच. मुलींची शाळा तिच्याकडे, आजारी बायकांची विचारपूस तिच्याकडे, रविवारी बाजा वाजवायचा तोही तिनेच. पगार मात्र एकाचाच. रजा हवी तर मंडळाकडे मागायची. मंडळ म्हणजे चर्चचा कारभार बघणारे पाचसहा वयस्क पुरुष. ते रजा द्यायचे आजारपणाला, किंवा जिवावरचं काही असेल तर. "मुलांची आठवण येते" हे कारण त्यांच्या नियमात बसत नव्हतं. आठवण सगळ्यांनाच येते, असं त्यांचं म्हणणं.

तर मुलं बोटीत बसली आणि वडिलांच्या बहिणीकडे, आत्याकडे, येऊन पडली. थोरली दहा वर्षांची, काडी सात, धाकटी पाच. आत्या बिनलग्नाची, शिस्तीची आणि मनाने चांगली. फक्त ते चांगलेपण तिने कपाटात घडी घालून ठेवलेलं असायचं. निघताना आईने थोरलीच्या हातात मेण लावलेल्या दोरीचं एक रीळ दिलं होतं. वर्षातून एकदा, ठरलेल्या रविवारी, तिघांनी आळीपाळीने दाराला पाठ लावून उभं राहायचं. थोरलीने टाचेपासून डोक्यापर्यंत दोरी धरायची, कापायची, टोकाला गाठ मारायची. तिची स्वतःची एक गाठ, काडीच्या दोन, धाकटीच्या तीन. दोऱ्या पाकिटात घालून आईला पाठवायच्या. आई तिकडे त्या दाराच्या चौकटीला खिळ्यावर टांगायची, आणि त्या मापाने कपडे शिवून पाठवायची.

तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं. चौथ्या वर्षी मेणाची दोरी संपली. थोरलीने वाण्याच्या पुडक्याला आलेली नवीकोरी सुती दोरी वापरली. नेमकी त्या खेपेला बोटीत पाणी शिरलं, टपालाच्या थैल्या भिजल्या. आईच्या हाती पाकीट पडलं तेव्हा दोऱ्या वाळल्या होत्या, पण आखडल्या होत्या. आईने नवी दोरी जुनीशेजारी धरली. काडी गेल्या वर्षीपेक्षा दोन बोटं कमी! धाकटीही कमी. आईने हंबरडा फोडला. तशीच दोऱ्या घेऊन मंडळापुढे गेली आणि टेबलावर ठेवल्या. "बघा, माझी मुलं उपाशी आहेत. वाढायची सोडून झिजतायत." मंडळींनी चष्मे लावले, वाकून बघितलं, वीतबोटं लावून मोजलं. गोष्ट खरी होती. पुढच्याच बोटीचं तिकीट मंजूर झालं.

आणि मग तो बंदरावरचा प्रसंग, ज्यासाठी काडी पाणी प्यायचा. बोट लागते. आई उतरते. समोर तीन धडधाकट, टुणटुणीत मुलं, आणि त्यांच्यामागे हॅट घालून, ओठ मिटून उभी आत्या. मंडळाची तार तिला आधीच पोचलेली.

"वहिनी, माझ्या घरात पोरं उपाशी?"

आई एकदा मुलांकडे बघते, एकदा नणंदेकडे. मग कपाळावर हात मारते. "अगं बाई! दोरी आखडली हो, वन्सं!"

इथे हशा. धाकटी तोवर गॅस बघायला गेलेली असायची.

गोष्ट इथे संपायची, पण हकीकत संपत नव्हती. आई राहिली. परत ये असं मंडळाने कळवलं, पण मंडळ एकाच बाईचं तिकीट दोनदा काढत नसे. वडील दोन वर्षांनी येणार होते. त्याआधीच तापाने तिकडेच गेले. नवराबायकोची पुन्हा भेट झाली नाही. तार आली तेव्हा आई आत्याच्या घरातल्या जिन्याच्या पायरीवर बसली आणि एकच वाक्य बोलली, "त्यांनीच मला पाठवलं." वरच्या पायरीवर अकरा वर्षांची धाकटी बसली होती. तिने ते ऐकलं आणि आपल्या परीने त्याचा अर्थ लावला. आई चुकीने आली, तीही कुणी पाठवली म्हणून. आणि त्या चुकीपायी नवऱ्याची शेवटची दोन वर्षं गमावून बसली. आम्ही तिला महाग पडलो.

असा अर्थ मुलाच्या मनात एकदा बसला की तो भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा. निघता निघत नाही. आई पुढे पुष्कळ जगली, मुलांवर जीव टाकला, पण धाकटीला प्रत्येक वेळी वाटायचं, हिच्या पदरात आम्ही दोरीच्या चुकीने पडलो. आईचे डोळे अधू झाल्यावर तिने एकदाच धीर करून विचारलं होतं, "आई, दोरी आखडली नसती तर तू आली असतीस?"

आईने दाताने दोरा तोडला. "सुईत दोरा ओवून दे गं. मला भोक दिसत नाही."

झालं. पुन्हा कधी विषय निघाला नाही.

शनिवारी सकाळी भाची ट्रंक घेऊन आली. ती गावातली बस चालवायची. बोलणंही चालू बससारखं. एकदा निघालं की पुढच्या थांब्याशिवाय थांबायचं नाही. धाकटीचं घर बंदरामागच्या चढाच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. ट्रंक पायऱ्यांना आपटत वर येताना खालपासून ऐकू येत होती.

"आत्या, तू तळमजल्यावर कधी येणार राहायला?"

"खांद्यावरून नेतील तेव्हा. दार लाव, गार वारा येतोय."

"बाबांनी या ट्रंकेला जन्मभर कुलूप घातलं. मला वाटलं, काहीतरी घबाड असणार. बघते तर जुने बूट, बक्षिसाचा एक फुटका कप आणि हे." तिने बिस्किटांचा डबा काढून टेबलावर ठेवला. आत दोन गाठींची, पिवळी पडलेली दोरी वेटोळं करून बसली होती. "उद्या टेबलावर ठेवते. लोक हात लावून बघतील. बाबांसारखे आवाज काही मला जमायचे नाहीत, पण—"

धाकटी उठली.

"झालं सुरू तुझं गॅस बघणं! आत्या, बस. गॅस पेटवलाच नाहीये अजून. मी लहानपणापासून बघतेय, ही गोष्ट निघाली की तू पळतेस. काय आहे काय?"

धाकटी पळून जाण्याच्या वयाची राहिली नव्हती. आणि ज्याच्यापुढे हे बोलणं बरं दिसलं नसतं तो भाऊही आता नव्हता. ती बसली. टेबलावर नसलेली धूळ बोटाने पुसत राहिली.

"तुम्हाला सगळ्यांना ती हसायची गोष्ट," ती म्हणाली. "मला तिच्यात एवढंच ऐकू येतं, की आई चुकून आली. दोरी धड निघाली असती, तर ती तिकडेच राहिली असती. मला आई मिळाली ती वाण्याच्या दोरीमुळे."

 भाची घसा खाकरून म्हणाली, "असं नसतं गं."

"कसं असतं?"

"ते मला काय माहीत. मी बस चालवते." तिने नाक ओढलं आणि ट्रंकेत पुन्हा डोकं घातलं. बोलता येत नसेल तेव्हा काहीतरी उपसत राहायचं, हे तिने बापाकडूनच घेतलेलं. "हा बघ. पडद्याचा कोट! हा अजून आहे म्हणजे कमाल आहे."

डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. हिरव्या जाड कापडाचा, लहान मुलाचा कोट. ही घरातली दुसरी गोष्ट, दोरीच्या खालोखाल लाडकी. निघण्याआधी आईने प्रार्थनेच्या दालनातला पश्चिमेच्या खिडकीचा पडदा काढला आणि त्याचा काडीसाठी कोट शिवला. बंदरावर काडी कुडकुडत होता, तर तिथेच पेटी उघडून तिने तो त्याच्या अंगात घातला. तिकडे वडिलांच्या डोळ्यांवर संध्याकाळचं ऊन येऊ लागलं आणि ते एक डोळा मिटून उपदेश करू लागले. लोकांना वाटलं, ही काहीतरी नवी पद्धत असेल. मग काही जण एक डोळा मिटून ऐकायलाही लागले. इकडे काडीला शाळेत पोरं "ए पडद्या, वर हो" म्हणून चिडवायची. एक हिवाळा त्याने कसाबसा काढला. पुढच्या हिवाळ्यात कोट घालायला साफ नकार दिला, आणि आईने तो उचलून ठेवला.

धाकटीने हा कोट तेव्हा पाहिला होता, नंतर कधी हातात घेतला नव्हता. काडी ट्रंकेला हात लावू देत नसे. तिने तो घेतला आणि, जन्मभर शाळेत शिवण शिकवलेली बाई जे करेल तेच केलं. कोट उलटा केला आणि आतली शिवण बघायला लागली.

"बाहेरून काय कुणीही इस्त्री मारील," ती पुटपुटली. पोरींना ती हेच सांगायची.

आईचा हात तिला ओळखू आला. बारीक, जरा डावीकडे झुकलेली टीप. बाहीच्या टोकाला आतून चांगली चार बोटं दुमड होती. खाली घेरालाही तेवढीच. वाढत्या अंगाच्या मुलाचा कपडा असाच शिवतात. मुलगा वाढला की दुमड उसवायची, बाही लांब करायची. उसवली की जुन्या घडीची रेघ कापडावर उमटलेली दिसते, ती कितीही धुतलं तरी जात नाही. इथे रेघ नव्हती. दुमड शिवली तशीच होती, एकदाही उसवलेली नव्हती.

धाकटी थांबली.

"तो फोटो कुठाय? आई आल्यावर स्टुडिओत काढलेला?"

"ट्रंकेतच आहे. का गं?"

"दे. आणि माझं भिंग दे, त्या डब्यात आहे, बटणांच्या."

फोटो सगळ्यांनी शंभरदा पाहिलेला. आई खुर्चीवर, बोटीच्या प्रवासाने उतरलेली. एका बाजूला थोरली, मांडीला टेकून धाकटी, आणि दुसऱ्या बाजूला काडी, त्या कोटात, गळ्यापर्यंत बटणं लावून, फासावर चाललाय असा चेहरा करून. आई आली त्याच आठवड्यातला. धाकटीने भिंग काडीच्या हातावर धरलं. बाही मनगटाच्या हाडावर येऊन थांबली होती. ना वर, ना खाली. खांद्याची शिवण खांद्यावर. छातीवर सुरकुती नाही.

"बसलाय," ती म्हणाली.

"कोण बसलाय?"

"कोट बसलाय त्याला. बरोब्बर बसलाय."

"मग? शिवलेला कोट बसतोच की."

"अगं बये, हा कोट तिकडे शिवलाय. पडदा तिकडचा. बंदरावर पेटीतून निघाला तेव्हा तयार होता. तेव्हा आईकडे काडीचं माप कुठलं होतं?"

भाचीने डब्यातल्या दोरीकडे पाहिलं. "हे."

"हे. आखडलेलं. या मापाने कोट शिवला असता, तर बाही इथे आली असती." धाकटीने भाचीच्या हातावर मनगटाच्या बऱ्याच वर बोट ठेवलं. "आणि उपाशी पोराचा कोट म्हणून शिवला असता, तर छातीला आवळून घेतला असता. मंडळाला दाखवलेला पोरगा वेगळा आणि हा कोट घालणारा वेगळा."

भाची वाद घालणारी होती, आणि बरं झालं होती. "थांब हं. आयांना सवय असते, जरा मोठाच शिवायची. अंगाबरोबर येईल म्हणून. तसा शिवला असेल, आणि योगायोगाने बसला."

"त्यासाठी ही दुमड आहे. वाढीचं जे काही, ते तिने आत दुमडून ठेवलं. ही एकदाही उसवलेली नाही. बाहेर आहे ते त्या दिवसाचं माप. पोरगा आज केवढा असेल, ते तिने मनाशी धरलं आणि तेवढा शिवला. धडधाकट पोराचा."

"म्हणजे तिला माहीत होतं?"

 धाकटी खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. तिकडच्या त्या घराची, जन्माच्या घराची, तिला एकच आठवण होती. पांढऱ्या ओल्या चादरी, त्यांच्याखाली आपण उभे, आणि आई उलट्या घातलेल्या बादलीवर चढून खांबापाशी दोन्ही हात वर करून काहीतरी करतेय. काय करतेय ते तिला कधी कळलं नव्हतं. आईचे हात म्हटलं की तिला ते वर केलेले हातच दिसायचे. एवढी वर्षं तिला वाटत होतं, आई काहीतरी टांगत असेल.

"गाठ सैल करत होती," ती म्हणाली.

"काय?"

"धुण्याची दोरी. ओली झाली की आखडते, ताणली जाते, खांब वाकवते. म्हणून चादरी घातल्या की गाठ सैल करायची. दर धुण्याला. तिकडे धुणं ती आणि तिथलीच एक बाई, दोघी मिळून वाळत घालायच्या. दोरी भिजली की काय होतं, ते आईला ठाऊक नव्हतं? बाजा वाजवायला शिकायच्या आधी ठाऊक होतं तिला ते!"

"आणि मंडळाला?"

"मंडळातल्या एकाने तरी जन्मात धुणं वाळत घातलं असेल का?"

भाचीच्या तोंडाचा आ झाला. मग ती हसायला लागली, खांदे गदगदा हलवत, बापासारखी. "चष्मे लावून! वीतबोटं लावून मोजलं म्हणे! आणि ती समोर उभी, डोळ्याला रुमाल लावून!"

"आणि वन्संपुढे कपाळावर हात मारून." धाकटीलाही हसू आवरेना, आणि हसताहसता डोळे भरले. "काय करणार? आत्याचा अपमान झाला होता, तो धुवायला कुणीतरी मूर्ख ठरायला हवं होतं. तीच ठरली. मंडळही पुढे भोळी पाद्रीणबाई म्हणून हसलं. हसू दे म्हणाली असेल. परतीचं तिकीट ते काढणार नाहीत, हेही तिला पाठ होतं. आणि आम्ही! आम्ही जन्मभर तिला भोळी म्हणत राहिलो, तिच्या तोंडावर."

"तिने सांगितलं का नाही पण?"

"कुणाला? काडीला? गावभर झालं असतं. आणि मला..." धाकटी थांबली. तिला तो तोडलेला दोरा आठवला, ती सुई आठवली. आईचे डोळे तेव्हा एवढेही अधू नव्हते. "मी तिला विचारलं, दोरी आखडली नसती तर आली असतीस का. काय सांगणार ती? की मी दुसरं काहीतरी आखडवलं असतं?"

 भाचीने चहा ठेवला. गॅस पेटवून तिने मुद्दाम मोठ्याने जाहीर केलं, "आता जाऊन बघ हवं तर!"

धाकटी कोट सुलट करत होती. बटणं लावायला गेली आणि तिचा हात अडखळला. काळी, गोल, कापड मढवलेली बारीक बटणं. असली बटणं मुलांच्या कोटाला लावत नाहीत. तिने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. तिथे वडिलांचा एकच फोटो होता, आई निघून आल्यावर काही महिन्यांनी तिकडच्या कुणी काढून पाठवलेला. पाद्र्याचा लांब काळा झगा, गळ्यापासून पायापर्यंत बटणांची ओळ असायची तो. पण फोटोत ओळ गुडघ्यापाशीच संपत होती. खाली झगा उघडा, वाऱ्याने जरा फाकलेला. थोरली या फोटोला बघून नेहमी म्हणायची, "बायको गेली आणि बटणं गेली!" ही घरातली तिसरी गोष्ट. एवढुशी, फोटोपुरती.

तिने कोट उचलून भिंतीपाशी नेला. भिंग आधी फोटोवर धरलं, मग कोटावर. भाची चहाचे कप घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"तीच आहेत," भाची हळूच म्हणाली.

"झगा अंगात असतो माणसाच्या. बटणं कुणी काढली, ते त्याला कळल्याशिवाय राहत नाही." धाकटीचा आवाज बारीक झाला. "आणि तो पडदा. आई केवढी होती, माहितेय ना? माझ्या खांद्याला. तो पडदा छतापासून लोंबायचा. एकटीने काढलाच नसेल."

पडदा, उन्हाने मिटलेला डोळा, उघडा झगा. तिन्ही गोष्टींवर घर पिढ्यान्‌पिढ्या हसलं होतं, पण त्या एका दोरीत कुणी ओवल्या नव्हत्या. पाद्री माणूस, खोटं बोलायचं नाही, हे त्याच्या धंद्यातच आलं. मंडळापुढे तो बोलला नसेलही. त्याने शिडी धरली असेल आणि झग्याची बटणं कापू दिली असतील. आणि त्यानंतर एक डोळा मिटून दुसऱ्यांच्या मुलांना उपदेश करत राहिला असेल.

"त्यांनीच मला पाठवलं," धाकटी म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"आई म्हणाली होती. मी चुकीचं ऐकलं नाही, चुकीचं धरलं. मला वाटलं, तिला ढकललं. तिला जायचं होतं, आणि त्यांनी जाऊ दिलं. ते ऋण बोलून दाखवत होती ती." तिने कोटाच्या खिशात हात घातला. खिशात काही नव्हतं. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. तरी तिने हात तसाच आत ठेवला, आणि चहा थंड होईपर्यंत काढला नाही.

रविवारी प्रार्थना झाल्यावर भाचीच्या घरी सगळे जमले. टेबलं जोडून लांबच लांब पंगत. काडीची मुलं, सुना, जावई, नातवंडं, दूरचे दोनचार, आणि काडीचे पत्ते खेळणारे मित्र. जेवण उरकत आलं तसं कुणीतरी ओरडलं, "दोरी होऊ दे!" लगेच चमचे ताटांवर वाजायला लागले. भाची उभी राहिली. बिस्किटांचा डबा तिच्यासमोर होता, आणि खुर्चीच्या पाठीला हिरवा कोट.

धाकटी उठली. सवयीने दोघातिघांनी स्वयंपाकघराच्या वाटेवरच्या खुर्च्या सरकवून तिला रस्ता करून दिला.

"मला कुठे जायचं नाहीये," धाकटी म्हणाली. "बये, तू बस. ही मी सांगते."

चमचे थांबले. काडीचा थोरला मुलगा शेजारच्याच्या कानाशी लागला, "हिला येते तरी का?" तो कानात बोलला असेल, पण घराण्याचा आवाज तसा मोठा होता.

"येते. तुझ्या बापाला निम्मीच येत होती." तिने डबा उघडून दोरी काढली, दोन गाठींचं टोक चिमटीत धरलं आणि ती सगळ्यांना दिसेल अशी सोडली.  तिने टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शाळेतल्या बाईंच्या नजरेने एकदा पाहिलं.

"आधी एक सांगा. इथे बसलेल्यांपैकी धुणं वाळत कोण कोण घालतं? हात वर करा."

बायकांचे हात वर गेले. एका जावयाचा अर्धवट वर गेला आणि बायकोने बघितल्यावर खाली आला. पत्ते खेळणारे मित्र एकमेकांकडे बघू लागले.

"वाटलंच मला," धाकटी म्हणाली. "तर हात खाली असलेल्यांनी चष्मे लावा. तुम्ही मंडळ."